साठा आणि झरा

सेवाग्राम रेल्वे स्टेशनच्या फलाटावर थोडा वेळ बसलं, की बल्लारशाहकडून नागपूरच्या दिशेने जाणारी कोळशाची एखादी मालगाडी हमखास दिसते. वाघिणींमागून वाघिणी काळ्या ढिगांनी भरलेल्या असतात. गाडी ओढणारं इंजिन विजेवर चालतं आणि ती वीज बहुतांशी कोळसा जाळूनच तयार झालेली असते. म्हणजे कोळसाच कोळशाला ओढून नेतो.

या स्टेशनचं जुनं नाव वर्धा ईस्ट. इथून काही किलोमीटरवर गांधीजींची कुटी आहे आणि वर्धा शहरात मगनवाडी. इंधनाचा विचार फारसा कोणाच्या मनातही नव्हता, त्या काळात याच मगनवाडीत एक प्रश्न विचारला गेला. निसर्गाने साठवून ठेवलेलं आपण किती दिवस उपसणार, आणि रोज वाहत येणारं किती वापरणार? पेट्रोल, डिझेल आणि कोळशाच्या पर्यायांबद्दल आज जी चर्चा चालते, ती याच प्रश्नाभोवती फिरते. म्हणून हे प्रकरण वर्धा जिल्ह्यापासून सुरू करू या.

नदीच्या नावाचा कोळसा

वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते, वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहत खाली उतरते आणि पुढे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या मधून जाते. तिथे तिच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळशाचे थर आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना ‘वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र’ म्हणतात. हे थर ज्या खडकांत सापडतात त्यांना गोंडवाना खडक हे नाव मिळालं, तेही मध्य भारतातल्या गोंडांच्या भूमीवरून. पंचवीस कोटी वर्षांहून आधी दलदलीत वाढलेली झाडं पडली, गाळाखाली दबली आणि त्यांचा कोळसा झाला. त्या झाडांच्या पानांनी उन्हातून घेतलेली शक्ती त्यात अजून शिल्लक आहे. कोळसा म्हणजे जुनं ऊन, असं म्हटलं तर शास्त्राला धरूनच होईल.

या जुन्या उन्हाशी वर्ध्याची गाठ फार लवकर पडली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. त्याला मुख्य ओढ होती कापसाची. पण इंजिनाला इंधन हवं होतं आणि वरोऱ्याला कोळसा सापडला होता. तो आणण्यासाठी १८७०च्या दशकात वर्ध्याहून एक फाटा टाकला गेला. त्याचं नावच होतं ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वर्धा जंक्शन झालं ते या कोळशामुळे. आज त्याच मार्गावरून येणारा कोळसा औष्णिक केंद्रांच्या भट्ट्यांत पडतो.

या भट्टीचा हिशेब समजून घ्यायला हवा. आपल्याकडे विजेचं एक युनिट तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्यातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते, उरलेली शीतमनोऱ्यातून आणि धुराड्यातून निघून जाते. मागे राख उरते आणि हवेत कार्बन डायऑक्साइड जातो. जो कार्बन जमिनीखाली गाडायला निसर्गाला कोट्यवधी वर्षं लागली, तो आपण दीडशे-दोनशे वर्षांत मोकळा करत आहोत. पृथ्वी तापते आहे ती या घाईमुळे.

मगनवाडीचा हिशेबनीस

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती मगनवाडी झाली. संघाचा कारभार पाहायला आले जे. सी. कुमारप्पा. तंजावरमध्ये जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचं शिक्षण घेतलेले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले आणि मुंबईत स्वतःचा व्यवसाय जमवलेले गृहस्थ.

हिशेबतपासनीसाला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात. मुद्दल वेगळं आणि उत्पन्न वेगळं. उत्पन्नावर चालणारं घर टिकतं. मुद्दल मोडून चालणारं घर काही काळ थाटात दिसतं, मग बसतं. कुमारप्पांनी हा नियम निसर्गाच्या वहीला लावला. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे त्यांचं पुस्तक जबलपूरच्या तुरुंगात लिहून झालं आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. त्यात त्यांनी संपत्तीचे दोन प्रकार सांगितले. एक साठ्याची: कोळसा, खनिज तेल, लोखंड. उपसलं तेवढं कमी होतं. दुसरी प्रवाहाची: वाहतं पाणी, वाढणारी झाडं, माणसांचे आणि जनावरांचे श्रम. नीट वापरली तर ती पुन्हा पुन्हा येत राहते.

पुढचा मुद्दा त्यांनी याहून ठामपणे मांडला. साठा मर्यादित असतो आणि ठरावीक जागीच असतो. त्यामुळे त्याच्यावर ताबा मिळवण्यासाठी देश एकमेकांशी भांडतात आणि लढाया होतात. हे लिहिलं जात होतं तेव्हा जगात दुसरं महायुद्ध चालू होतं आणि तेलाच्या विहिरी हे त्या युद्धाचं एक मोठं लक्ष्य होतं. पेट्रोल इतकं दुर्मीळ झालं होतं, की भारतातल्या अनेक मोटारींना आणि बसना मागे लोखंडी शेगडी जोडलेली असे. त्यात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा वायू गाळून इंजिनाला द्यायचा. गाडी रडतखडत चालायची, पण चालायची. पेट्रोलशिवाय मोटार चालते हा धडा त्या पिढीने रस्त्यावर घेतला. युद्ध संपलं, पेट्रोल सुटलं आणि धडाही विसरला गेला.

सुरुवात दिव्यापासून

मगनवाडीतला पहिला पर्याय होता साध्या दिव्याचा. खेड्यापाड्यांत तेव्हा घासलेटाचा कंदील पोहोचला होता. करंज, निंब, एरंड यांच्या बिया बांधावर पडून राहत आणि रोख पैसे देऊन परदेशी घासलेट घरात येई. म्हणून मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला.

अडचण तेलाच्या स्वभावात होती. घासलेट पातळ असतं, वातीतून सरसर वर चढतं. करंजीचं तेल जाड, ते फार वर चढत नाही आणि ज्योत मंदावते. म्हणून अशा दिव्यात तेल ज्योतीच्या जवळ ठेवावं लागतं. शिवाय काजळी धरू नये म्हणून हवेचा मार्ग सुधारावा लागतो. गोष्ट छोटी आहे, पण पर्यायी इंधनाच्या प्रत्येक प्रयोगात हीच अडचण भेटते. नवं इंधन जुन्या यंत्रात नुसतं ओतून भागत नाही. यंत्रालाही त्याच्याप्रमाणे बदलावं लागतं.

मगनदीपाबरोबर ‘मगन चूल’ आली. धूर नळीने घराबाहेर नेणारी आणि कमी सरपणात शिजवणारी. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि अशा ग्रामीण साधनांना पाहण्याची, शिकण्याची जागा मिळाली. पुढे १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘एमगिरी’, काम करते. हाताने फिरणाऱ्या चरख्याला सौर पॅनेलची वीज जोडण्याचं काम तिथे झालं आहे.

गोठ्यातला वायू

वर्धा जिल्ह्याची स्वतःची गाय आहे. गवळाऊ. पांढरी, अंगाने हलकी, पायाने चपळ. या जातीचे बैल मराठ्यांच्या फौजेची सामग्री वाहण्यासाठी प्रसिद्ध होते. त्या काळचं वाहन कडब्यावर चालायचं आणि त्याचं जे मागे पडायचं ते वावरात जायचं. कुमारप्पांच्या भाषेत ही पूर्ण प्रवाहाची व्यवस्था.

शेण वाळवून गोवरी थापली तर चूल पेटते, पण खत जळून जातं. बायोगॅसने ही कोंडी सोडवली. शेण आणि पाणी समभाग कालवून बंद टाकीत सोडलं, की हवेशिवाय जगणारे जिवाणू ते कुजवतात आणि वायू बाहेर पडतो. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, तोच जो सीएनजीत असतो. एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांचं रोजचं ५० किलो शेण असेल तर दिवसाला दोन घनमीटर वायू निघतो. महिन्याच्या हिशेबात तो पावणेदोन ते दोन गॅस सिलिंडरच्या तोडीचा. बाहेर येणारी मळी खत म्हणून वावरात जाते आणि तिच्यातला नत्र टिकून असतो.

ही कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले होते. समाजाने ज्यांना दूर ठेवलं त्यांच्या वस्तीत हा प्रकाश आधी पडला. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपाचा संच तयार केला आणि १९६०च्या दशकापासून खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. आज हाच वायू शुद्ध करून, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू काढून, दाबाखाली भरला की त्यावर सीएनजीची कोणतीही गाडी धावते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यासाठी ‘सतत’ योजना सुरू केली.

तरीही विदर्भातल्या कितीतरी गोबरगॅस टाक्या आज झाकण गंजून पडल्या आहेत. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठे रिकामे झाले. रोज शेण कालवायचं काम बहुतेक ठिकाणी घरच्या बाईवर पडलं. थंडीत जिवाणू मंदावतात आणि नेमका लग्नसराईत वायू कमी पडतो. ज्या गावात दूध उत्पादन टिकलं आहे, तिथे ही टाकी अजून उत्तम चालते. एकेका घराऐवजी गावाची किंवा दूध संकलनाच्या जागेची सामायिक टाकी केली तर श्रमही वाटले जातात. जनावरांची संख्या न मोजता टाक्यांचं उद्दिष्ट ठरवणं मात्र थांबवायला हवं.

पऱ्हाटीचं काय करायचं

कापूस वेचून झाला की वावरात उरते ती पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन. पूर्वी तिचे भारे घराघरांत सरपण म्हणून रचलेले असत. आता सिलिंडर आल्यावर बरीचशी पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवली जाते.

वजनाच्या मानाने वाळलेल्या पऱ्हाटीत मिळणारी उष्णता आपल्याकडच्या सामान्य कोळशाच्या जवळपास असते. खोट आहे ती आकारात. ती फुगीर, काटकुळी, ट्रकभर भरली तरी वजन थोडं. म्हणून तिचा भुगा करून दाबून ठोकळे बनवतात. बाजारात त्यांना ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. कापसावर काम करणाऱ्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संशोधन संस्थेने, जिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे, पऱ्हाटीपासून ठोकळे आणि गोळ्या करण्याचं तंत्र पुढे नेलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या जाळण्याचं बंधन घातलं. कोळशाच्या वाघिणी जिथे जातात तिथेच पऱ्हाटी जाऊ शकते.

याचा शेतकऱ्याला आणखी एक फायदा आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला, ते कोणी विसरलेलं नाही. उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीत ही अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून वावराबाहेर गेली तर अळीचं घर मोडतं. पण पऱ्हाटी विकताना शेतकऱ्याच्या हाती मजुरी वजा जाता काही उरलं पाहिजे. शिवाय सगळाच काडीकचरा वावरातून उचलला तर जमिनीचा कस उतरतो. पऱ्हाटी द्यावी, सोयाबीनचं कुटार आणि पालापाचोळा मातीसाठी ठेवावा, असा तोल सांभाळावा लागेल.

वनस्पती तेल, मोगली एरंड आणि ऊस

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं होतं. म्हणजे जैवइंधन हे नवं खूळ नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशाने मोगली एरंडावर मोठी आशा ठेवली. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, डिझेल मिळेल, असं सांगितलं गेलं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. झाड पडीक जमिनीवर जगलं, पण बिया पुरेशा आल्या नाहीत. पडीक जमिनीवरचं पीक पडीकच राहिलं आणि योजना विरून गेली.

इथेनॉलचं तसं झालं नाही. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. महाराष्ट्राचा यातला वाटा मुख्यतः उसाचा. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अशा मिश्रणावर गाडी थोडं कमी अंतर जाते. मोठी किंमत पाण्यात मोजावी लागते. ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे पिण्याचं पाणी उसात आणि ऊस टाकीत घालणं हा प्रवाह वापरण्याचा शहाणा मार्ग म्हणता येत नाही. वर्ध्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्याने उसामागे न लागता आपल्याकडे जे आपोआप उरतं त्याचा विचार करावा.

ऊन मोजू या

जे उरतं, नव्हे ओसंडतं, ते म्हणजे ऊन. छपरावर एक किलोवॉटचा सौर संच बसवला तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. जागा लागते एखाद्या छोट्या खोलीएवढी. या चार युनिटमागे दिवसाला अडीच किलो कोळसा जमिनीतच राहतो.

मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन पाहून वाटतं की तेव्हा सर्वांत जास्त वीज होत असेल. तसं होत नाही. सौर पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेल २५ अंशांच्या वर तापली की दर अंशाला उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. मेमध्ये ती ६५ अंशांवर जाते. त्यात धूळ बसते. म्हणून पॅनेल आणि छप्पर यांत हवा खेळायला जागा सोडणं आणि आठवड्याला पॅनेल धुणं यांतून फुकट वीज मिळते.

आता हीच चार युनिट दुचाकीत घालू. विजेची स्कूटर शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट घेते. म्हणजे एका दिवसाच्या उन्हावर ती सव्वाशे किलोमीटरहून जास्त धावते, वर्ध्याहून नागपूरला जाऊन माघारी येण्याच्या अंतरापेक्षा थोडं कमी. पेट्रोलच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला दोन लिटर लागतं आणि त्या दोन लिटरमध्ये सुमारे १८ युनिटइतकी ऊर्जा असते. पेट्रोल इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं, विजेची मोटर बहुतेक ऊर्जा चाकाला देते. फरक इथे आहे.

पण तीच स्कूटर कोळशाच्या विजेवर चार्ज केली तर धूर रस्त्यावरून उचलून औष्णिक केंद्राच्या धुराड्यात नेऊन ठेवल्यासारखं होतं. शहराची हवा सुधारते, आकाशातला कार्बन फार कमी होत नाही. त्यामुळे वाहन आणि वीज हे दोन प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली होती. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावली. ती खऱ्या अर्थाने नवी होईल, जेव्हा तिच्या प्लगामागची वीजही नवी असेल. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक क्षमता कोळसा-तेल-वायूविना चालणारी झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सूर्य रात्री मावळतो आणि भट्टी मावळत नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला रात्रीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने माहीत आहे. शेतीला आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळायची. रात्री ओलीत करायला जायचं म्हणजे हातात टॉर्च, पायाखाली साप आणि बोर अभयारण्याच्या बाजूला असलात तर वाघाची धास्ती. म्हणून सौर कृषिपंपाचं आणि शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर चालवण्याच्या योजनेचं मोल नुसत्या युनिटमध्ये मोजता येत नाही. दिवसा पाणी देऊन संध्याकाळी घरी येणं ही माणसाच्या जगण्याची गोष्ट आहे. मात्र पंपाला बिल नाही म्हणून तो दिवसभर चालू ठेवला तर विहीर आटते. शेजारच्या वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल किती खोल गेलं, ते आपण पाहतो आहोत. ऊन प्रवाहातलं आहे, पण भूजल साठ्यातलं. एक वाचवताना दुसरं उपसू नये, हा कुमारप्पांचा हिशेब इथेही लागू पडतो.

बॅटरीलाही तो लागू पडतो. लिथियम, निकेल, कोबाल्ट हे सारं खाणीतून येतं, तेही साठ्यातलंच. मात्र कोळसा एकदा जळला की संपला, बॅटरीतला धातू गोळा करून पुन्हा वितळवता येतो. म्हणून जुनी बॅटरी भंगारात न जाता परत कारखान्यात जाईल, याची शिस्त आजपासूनच लावली पाहिजे.

वहीतलं एक पान

एकाच इंधनाने कोळशाची जागा घेतली, असं होणार नाही. वर्ध्यात गोठा असलेल्या घराला बायोगॅस, कापूस उत्पादकाला पऱ्हाटीचे ठोकळे, छपराला सूर्य आणि गावातल्या फेऱ्यांना विजेची गाडी. जिथे जे वाहतं, तिथे ते. हा विचार मगनवाडीत नव्वद वर्षांपूर्वी झाला होता.

तुमच्या घरचं पुढचं वीजबिल आलं की त्यावरचे युनिट पाहा. समजा दोनशे युनिट. सगळी वीज कोळशाची धरली तर सुमारे १३० किलो, म्हणजे अडीच पोत्यांहून जास्त कोळसा एका महिन्यात तुमच्या नावाने जळला. हा आकडा बिलाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तो किती उतरला तेही लिहा, मग तो छपरावरच्या पॅनेलने उतरो, जुना पंखा बदलून उतरो, किंवा दुपारी खिडकीला वाळ्याचा पडदा लावून उतरो. मुद्दल किती मोडलं हे ज्या घराला माहीत असतं, ते घर सावरायला लागतं.